सासऱ्यांच्या छातीवर हात

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांना माझा हात लागायचा तो फक्त पाया पडताना. ते अंगणात आले की पदर डोक्यावर आणि मी दाराआड. चितेगावच्या कंपनीत पँट-शर्ट घालून मशीन चालवणारी मी, घरी मात्र हे असं. त्याचं मला तेव्हाही हसू यायचं.

त्या सकाळी ते कडब्याच्या गंजीपाशी कोसळले. मी हाका मारल्या, खांदा हलवला. उत्तर नाही. श्वास नाही, अधूनमधून नुसती एक आचकी. कंपनीत आम्हाला रबरी बाहुल्यावर शिकवलं होतं, की असा माणूस पडला तर आचकीला फसायचं नाही, छाती दाबायची. "अँब्युलन्सला फोन लावा!" म्हणून नवऱ्याला ओरडले आणि गुडघे टेकून, दोन्ही तळहात सासऱ्यांच्या छातीच्या मधोमध ठेवून जोर लावला.

गल्ली गोळा झाली. कुणी तांब्या आणला, कुणी म्हणालं जीपमध्ये घाला. माझा पदर कधीच मातीत गेला होता. सासूबाईंनी तर माझा दंडच धरला.

"आगं, सासऱ्याच्या उरावर बसलीस व्हय! लाज हाय का नाय? उठवून बसव त्यांना, पाणी पाज!"

"आत्या, हात सोडा. पाणी पाजलं तर हातचे जातील."

एवढ्या मोठ्यानं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. राग आला होता, भीतीही तेवढीच वाटत होती. हाताखाली कटकन बरगडी मोडली, तरी थांबले नाही. हात भरून आले तसं नवऱ्याला बसवलं, जागा दाखवली. नवरा दमला की पुन्हा मी. अँब्युलन्सवाल्यांनी येऊन यंत्रानं झटका द्यायला घेतला तेव्हा कुठं बाजूला झाले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "पूर्वी अशी माणसं आमच्यापर्यंत जिवंत यायचीच नाहीत. आता थोडी येतात, कुणीतरी घरीच छाती दाबायला घेतं म्हणून."

ते 'थोडी' मला झोंबलं. सासरे घरी आल्यावर गल्लीतल्या बायकांना हे शिकायला बोलावलं आणि अंगणात भुशाचं पोतं आडवं टाकलं. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"हसू नका," सासरे खाटेवरून म्हणाले. "माझ्या बरगडीला इचारा. लई जोर हाय हिच्या हातात."

सगळ्यात आधी सासूबाई पुढं आल्या. पोत्यावर तळहात ठेवले आणि तशाच थांबल्या.

"माझा बाप गुलमंडीच्या बाजारात असाच पडला हुता," त्या म्हणाल्या. "आचक्या देत हुता. आम्ही उचलून बसवला. पाणी मीच पाजलं गं."

मी त्यांचे कोपर सरळ केले. त्या दाबायला लागल्या, आणि मी "बास आता, आत्या" म्हणाले तरी त्यांचे हात थांबेनात.