थ्रेडवाल्या मॅडम

कुणी नोकरी सोडली की मॅडम फळ्यावरचं त्याचं नाव तळहाताने पुसायच्या. डस्टर शेजारीच पडलेला असायचा. मग हात झटकून म्हणायच्या, "संपलेला थ्रेड पुन्हा सुरू होत नाही. नवा घ्यायचा."

ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या टीम लीड होत्या. थ्रेड म्हणजे प्रोग्रामच्या पोटातला कामकरी. जन्मतो, रांगेत उभा राहतो, पाळी आली की पळतो, अडला की थांबतो, काम झालं की मरतो. हे त्यांनी आम्हाला शिकवलं आणि मग आम्हालाच तसं वागवलं. फळ्यावर पाच रकाने, त्यांत आमची नावं. चहाला गेलेला 'थांबलेला', उशिरा आलेला 'अजून जन्मलाच नाही'. आम्ही हसायचो आणि मनात दातओठ खायचो.

बाई अगदीच दगड नव्हत्या. प्रोग्राममधल्या चुका शोधणारा आमचा टेस्टर कल्याणला एकटा राहायचा. त्याच्यासाठी त्या वर्तकनगरहून रोज जास्तीच्या पोळ्या आणायच्या आणि "गिळ रे मुकाट्याने" म्हणत वाढायच्या.

एक मोठं काम हातचं गेलं आणि वरून निरोप आला, माणसं कमी करा. मॅडमनी नावं काढून दिली, एकेकाला बोलावून सांगितलंही. मला ठेवलं, कारण मी उलटून बोलत नसे. टेस्टर शेवटी आला.

"मॅडम, दुसऱ्या टीममध्ये बघा ना. आईला इकडे आणणार होतो मी."

"थ्रेड कधी रडतो का रे?" मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशीही त्यांनी त्याच्या पोळ्या आणल्या होत्या. त्या त्यांनीच खाल्ल्या.

आपण म्हणजे मुख्य प्रोग्राम, आपल्याला कोण संपवणार, अशी त्यांची समजूत होती. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. संध्याकाळी वरच्या साहेबांनी त्यांनाच आत बोलावलं. टीमच एवढीशी उरली तर लीड कशाला, असा साधा हिशेब होता.

बाहेर आल्या तेव्हा लॅपटॉप काढून घेतलेला होता. माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"तू सांग ना रे त्यांना, हे सगळं कोणी उभं केलं ते."

"बघतो मॅडम," म्हणून मी स्क्रीनकडे वळलो. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं तर बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची खिडकीजवळची खुर्ची मी घेतली. बाई बुटक्या होत्या, बसलो तर गुडघे वर आले. खालचा दांडा ओढून उंची माझ्या मापाची करून घेतली.