टाकीचं विरजण आणणारे इंगळे

इंगळे गेले, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक आरआयपीसुद्धा पडला नाही.

पडणार कसा? अर्ध्या लोकांना इंगळे कोण हेच माहीत नाही. उरलेल्या अर्ध्यांना ते ‘गटारवाले’ म्हणून माहीत होते.

मालाड पश्चिमेला, खाडीच्या अलीकडे आमची सोसायटी. गार्डनच्या खाली सांडपाणी साफ करायचा प्लांट आहे. आपले संडास, आंघोळ, भांडी, सगळं पाणी तिथे जातं. साफ झालेलं थोडं फ्लशला आणि झाडांना येतं. बाकीचं मागच्या नाल्यातून खाडीत.

हा प्लांट इंगळे चालवायचे. मूळचे बुलढाण्याचे, घर मुलुंडला. तिथून रोज मालाड. उशिरा आलेले मी कधी बघितले नाहीत.

मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते. एकदा उत्साहाने खाली बघायला गेले, नाकाला रुमाल लावून. ते हसले. काचेच्या उभ्या भांड्यात टाकीतलं पाणी घेऊन त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

“अर्धा तास थांबा मॅडम. हात नाही लावायचा.”

अर्ध्या तासात चॉकलेटी गाळ खाली बसला आणि वर स्वच्छ पाणी आलं. मी चाटच पडले.

“हे कोण करतं?”

“जंतू करतात. मी फक्त त्यांना हवा देतो आणि वेळेवर जेवायला घालतो.”

रोज सकाळी ते हे भांडं भरायचे. तब्येत बघायची म्हणायचे.

मग त्यांची आई आजारी पडली आणि ते चार दिवस गावी गेले.

नेमका त्याच आठवड्यात आमचा ॲन्युअल डे. स्टेज गार्डनमध्ये, टाकीच्या झाकणांपासून दहा पावलांवर. पाहुणे येणार, आणि मला सारखा वास येतोय असं वाटायला लागलं. खरं तर तो ओल्या मातीसारखा वास होता, रोजचाच.

मी वॉचमनला सांगून टाकीत ब्लीचिंग पावडरच्या दोन गोण्या ओतायला लावल्या. वरून फिनाइलचे कॅन. स्वच्छता म्हणजे ब्लीचिंग, एवढंच माझं ज्ञान. कार्यक्रम झकास झाला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

इंगळे परत आले. भांडं भरलं. अर्धा तास झाला, तास झाला, गाळ बसेना. नुसतं गढूळ पाणी.

मला खाली बोलावलं. आवाज अजिबात चढला नाही.

“मॅडम, सगळे मेले.”

मी विचारलं, “असं कसं झालं?”

हो, मीच विचारलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. फिनाइलचा वास अजून येत होता. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं होतं.

“बघतो,” म्हणाले. “शेजारून विरजण आणावं लागेल.”

मला वाटलं मस्करी करतायत. पण खरंच शेजारच्या कॉम्प्लेक्सच्या ऑपरेटरकडे गेले आणि त्यांच्या जिवंत टाकीतला गाळ निळ्या पिंपांत भरून टेम्पोने घेऊन आले. त्या दिवसापासून रोज एक फेरी.

“दही संपलं की आई वाटी देऊन शेजारी पाठवायची ना मॅडम, तसंच. पण लागायला वेळ लागते. घाई करून चालत नाही.”

तेवढ्या दिवसांत आपलं सगळं पाणी जसंच्या तसं नाल्यात जात होतं.

गेटवर मासे विकायला येणाऱ्या मावशींनी मला अडवलं. “ताय, तुमच्या नाल्याचा पानी बघ कसा काला झायलाय. निवट्या मरून परल्यान. आमी काय खायाचा, काय विकायचा?”

निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे. मी म्हटलं, “बघते.” आणि लिफ्टमध्ये शिरले.

मग कोळीवाड्यातून तक्रार आली आणि मीटिंग लागली. चेअरमननी सगळ्यांसमोर इंगळेंना उभं केलं. “रजेवर जाताना काय उद्योग करून गेलात?” मागून कोणीतरी म्हणालं, “ह्या लोकांना गांभीर्यच नाही.” ‘ह्या लोकांना’ म्हणजे काय, ते तिथे सगळ्यांना कळलं.

मी पहिल्या रांगेत होते. फक्त उठून उभं राहायचं होतं.

इंगळे म्हणाले, “चुकलं असेल साहेब माझ्याकडून.”

मी गप्प बसले. लाज वाटली म्हणून. दुसरं काही कारण नाही.

टाकीला विरजण नीट लागेपर्यंत ते राहिले. भांड्यात पाणी परत स्वच्छ दिसलं, त्याच आठवड्यात प्लांट सांभाळणाऱ्या एजन्सीने त्यांना दुसरीकडे हलवलं. जाताना नव्या ऑपरेटरला सगळं समजावून गेले. मी बाल्कनीतून बघितलं. खाली उतरले नाही.

परवा कळलं, हार्ट अटॅक.

काल मुलुंडला त्यांच्या पुण्यानुमोदनाला, बौद्ध पद्धतीच्या शोकसभेला गेले. सोसायटीचं नाव सांगितल्यावर इंगळेवहिनींनी मला ओळखलं. “तुमच्या सोसायटीची टाकी मेली ना, ते त्यांना फार लागलं होतं. म्हणायचे, कधी नव्हे ती चूक झाली माझ्याकडून.”

घरीसुद्धा त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं.

मग मी सांगितलं. सगळं. मी रडत होते, वहिनी नाही.

त्या म्हणाल्या, “मला एकटीला सांगून काय होणार, ताई? त्यांना चार लोकांत बोलले होते. तुम्ही पण चार लोकांत सांगा.”

म्हणून ही पोस्ट. सोसायटीतले सगळे इथे आहेत, चेअरमनसकट. सगळ्यांना टॅग केलंय.

टाकी मी मारली होती. त्या निवट्याही मीच मारल्या. इंगळेंनी ती टाकी परत जिवंत केली, आणि बोलणीही त्यांनीच खाल्ली.

श्रद्धांजली वाहायचा हक्क मला आहे की नाही, माहीत नाही.

इंगळे, तुमची काहीच चूक नव्हती. हे तुमच्यासमोर म्हणायला हवं होतं.