ओडेलनं घराखाली जाणं सोडलं

ओडेल फेसनने बायकोची खुर्ची खिडकीजवळून उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी, अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली, तेव्हापासून त्या घरातली शांतता गेली. लुवीनिया ती परत खिडकीशी ओढायची, हा पुन्हा कोपऱ्यात ढकलायचा. कारण विचारलं की म्हणायचा, "तिथं ऊन लागतं तुला."

"आयुष्यभर नाही लागलं, आता लागायला लागलं होय! सरळ सांग की, येणाऱ्याजाणाऱ्यांशी चार शब्द बोलते ते खुपतं तुझ्या डोळ्यात."

यावर तो मूग गिळून बसायचा. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

खरं दुखणं पायाखाली होतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या सखल मुलखात जुनी घरं विटांच्या बुटक्या खांबांवर उभी असतात, आणि फळ्यांच्या जमिनीखाली माणूस पोटावर सरपटेल एवढीच जागा असते. ओडेल चर्चचा डीकन, म्हणजे तिथला मानाचा कारभारी. पण त्याला खरा अभिमान कशाचा, तर आपल्या घराखाली परक्या माणसाला कधी शिरू दिलं नाही याचा. तुळई दबली की हा खाली जाऊन जुन्या गाडीचा जॅक लावणार. ईस्टर आला की खांबांमधल्या बुटक्या भिंतीतले झरोके उघडणार, घर कोरडं राहावं म्हणून. बापानं शिकवलेलं, आणि बापाच्या काळी ते बरोबरही होतं. पण मुलगी शर्लीननं एसी बसवून दिला, आणि उन्हाळ्याची दमट हवा झरोक्यांतून शिरून थंडगार फळ्यांना खालून घाम फोडू लागली. ओल वाढतेय म्हणून या शहाण्यानं आणखी झरोके पाडले. करायला गेला एक आणि झालं भलतंच! तुळया भुसभुशीत झाल्या, जॅक गंजले.

मागच्या उन्हाळ्यात तो जॅक आवळायला खाली गेला आणि परतताना त्याचा खांदा आखडला. ना पुढे, ना मागे. ओल्या मातीत गाल टेकून पडून राहिला बिचारा. वर लुवीनिया चालत होती, आणि तिच्या पावलागणिक कुठली तुळई लवते ते त्याला नाकासमोर दिसत होतं. खिडकीपाशी सगळ्यात जास्त. कोपऱ्याखालचा खांब तेवढा धड होता. एक हाक मारायचा अवकाश, ती धावत आली असती. पण मग अख्ख्या वस्तीला कळलं असतं की डीकन फेसन स्वतःच्याच घराखाली अडकला. त्यानं हाक मारली नाही. दिवस कलताना कसाबसा बाहेर आला, अंग धुतलं आणि खुर्ची हलवली. पुन्हा खाली गेला नाही. दुसऱ्याला बोलवायचं तर सगळं सांगावं लागणार. झाकली मूठ सव्वा लाखाची.

या ऑगस्टात फेसनांचा मेळा भरला. सगळं गोत एकाच रंगाच्या टी-शर्टात, जेवण अंगणात. पण आधीची प्रार्थना बाहेरच्या खोलीत, सगळ्यांनी हात धरून, दाटीवाटीनं. लुवीनियानं मुद्दाम खुर्ची खिडकीत ओढून घेतली होती. "आज हलवून दाखव, सगळ्यांदेखत!"

पायऱ्यांवर माणसं चढू लागली. सगळ्यांत पुढे पुतण्या थॅडियस, देहानं चांगला दांडगा. ओडेल दारात हात पसरून उभा राहिला.

"कुणी आत यायचं नाही."

"काका, पोटात कावळे ओरडतायत. सरका की!"

"जमीन एवढं वजन पेलायची नाही. खाली सगळं कुजलंय." मग वळून म्हणाला, "लुवी, तू पण ऊठ. हळू. भिंतीकडेनं ये."

ती आली. पोर्चवर सगळ्यांसमोर त्यानं एकदाचं सगळं सांगून टाकलं, अडकल्याचंही. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"म्हणजे मी मासे तळून हाका मारत होते, त्या दिवशी?" लुवीनियानं विचारलं.

"हो."

"परसात गेले, रस्त्यापर्यंत गेले."

"ऐकू येत होत्या सगळ्या."

ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती चिडली नाही, तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अरे, तू तिथंच मेला असतास. आणि मी तुझ्या अंगावरनं फिरत राहिले असते, मासे गार होतायत, कुठं उलथलाय हा माणूस, म्हणत."

आता कुणी हसलं नाही. ओडेल थॅडियसला म्हणाला, "तुझ्या ओळखीत घरं जॅकवर उचलून खालचं लाकूड बदलणारा कुणी आहे ना? बोलाव त्याला."

प्रार्थना अंगणात झाली. 'आमेन' झाल्यावर सगळ्यांनी हात सोडले. लुवीनियानं ओडेलचा सोडला नाही. जेवतानाही धरून ठेवला, आणि डाव्या हातानं सांडत-लवंडत जेवली.