सर्व्हर पाडल्याचा आरोप

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी त्या केसचा कागद न कागद माझ्या डोळ्यांसमोर आहे. खून नव्हता, दरोडा नव्हता. चाकण पट्ट्यातल्या एका कंपनीचं नेटवर्क अधूनमधून तुटत होतं, आणि ते कोणीतरी मुद्दाम तोडतंय अशी तक्रार होती.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षकानेच करायचा असतो, म्हणून गुन्हा माझ्याकडे आला. खरं सांगायचं तर मला संगणकातलं जेमतेम कळायचं. कंपनी गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवायची. प्रत्येक पेटीवर सर्व्हरमधून निघालेलं लेबल लागायचं, लेबलाशिवाय ट्रक गेटबाहेर जायचा नाही. नेटवर्क दोन-चार मिनिटं जायचं आणि परत यायचं. कधी दिवसातून तीनदा, कधी चार दिवस काहीच नाही. माल उशिरा पोहोचू लागला आणि पुढची मोठी कंपनी ऑर्डर काढून घेण्याची भाषा करू लागली. शेकडो माणसांचा रोजगार त्या ऑर्डरवर होता.

पहिल्याच भेटीत एका अधिकाऱ्याने मला पार्किंगपर्यंत सोडायला येताना हळूच सांगितलं, "साहेब, सर्व्हर सांभाळणाऱ्या मॅडमचं आणि प्लॅन्ट हेडचं काय वाजलं होतं, ते जरा बघा."

बघितलं. सर्व्हरची खोली प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या विभागाच्या, मागच्या भिंतीला हलवायला या मॅडमनी विरोध केला होता. सगळ्यांसमोर बोलाचाली झाली. त्यानंतर त्यांना निगडीच्या ऑफिसात बसवलं आणि प्लॅन्टमध्ये यायचं नाही, लांबूनच काम करायचं, असा हुकूम दिला. खोली हलवल्यावर महिन्याभरातच नेटवर्क तुटायला लागलं. कंपनीने मला दोन कागद दिले. एक, सुपरवायझरने नेटवर्क गेल्याच्या वेळा लिहिलेलं रजिस्टर. दुसरा, मॅडमच्या लॉगिनची सर्व्हरवरची नोंद. दोन्ही शेजारी ठेवले तर प्रत्येक बिघाडाच्या पाच-सहा मिनिटं आधी मॅडम आत शिरलेल्या. हेतू मिळाला, संधी मिळाली. मला आणखी काय हवं होतं?

पिंपळे गुरवला त्यांच्या घरी जाऊन लॅपटॉप आणि मोबाइल जप्त केला. घरात त्या आणि त्यांचे वडील, दोघंच. वडिलांनी पिंपरीच्या कारखान्यात उभं आयुष्य शिफ्ट केलेली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मुलीच्या डिग्रीचा. पंचनामा चालू असताना सोसायटीतली माणसं जिन्यात जमली. वडील दारातच उभे होते. ते एवढंच म्हणाले, "साहेब, दार लोटून घेतलं तर चालंल का?" मी नाही म्हणालो. पंच बाहेर उभे आहेत, असं कारण दिलं. दार लोटता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी नोटीस देऊन मॅडमना ठाण्यात बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसवली आणि चौकशी सुरू केली.

"दर वेळी बिघाडाच्या आधी तुमचं लॉगिन कसं काय?"

"आधी नाही, नंतर. नेटवर्क तुटलं की माझ्या मोबाइलवर मेसेज येतो. मेसेज आला की मी आत जाऊन बघते. तेच माझं काम आहे."

"मग कंपनीचं रजिस्टर खोटं का?"

"रजिस्टर मी लिहिलेलं नाही, साहेब."

मला ते उत्तर उद्धट वाटलं. मी आवाज चढवला. त्या घाबरल्या होत्या, हात मांडीखाली धरले होते, पण उत्तर बदललं नाही. मोबाइलवरचे मेसेज बघावेत तर मोबाइल सीलबंद करून प्रयोगशाळेकडे रवाना झालेला, अहवालाला काही महिने लागणार.

"तुम्ही मला दोन तास विचारताय की हे कोणी केलं," त्या म्हणाल्या. "नेटवर्क तुटतं कसं, हे कंपनीतही कोणी विचारलं नाही. सर्व्हर बंद पडतच नाही. मधली जोडणी तुटते. स्विच नावाची एक पेटी असते, सगळ्या वायरी तिच्यात येतात. कुठली वायर किती वाजता तुटली ते ती पेटी नोंदवते. ती नोंद मागवा."

मी कंपनीत फोन लावला. नोंद नव्हती. नेटवर्क गेलं की सुपरवायझर स्विच बंद करून पुन्हा चालू करायचा, आणि बंद केला की त्यातली नोंद पुसली जायची. घटनास्थळ रोज कोणीतरी झाडून काढावं तसला प्रकार. त्याच फोनवर आणखी एक गोष्ट कळली. मॅडमचं लॉगिन बंद करून दोन दिवस झाले होते, आणि त्या दिवशी सकाळीही नेटवर्क गेलं होतं.

"आत काहीतरी पेरून ठेवलं असेल," प्लॅन्ट हेड फोनवरच म्हणाले.

असेलही. पण मी अटकेचा विचार एक दिवस पुढे ढकलला आणि सकाळी स्वतः कंपनीत गेलो.

शॉप फ्लोअरवर उभा असताना सवयीने घड्याळ बघितलं. अकरा वाजून पाच मिनिटं. समोर भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात सव्वाअकरा. सुपरवायझरला विचारलं, तर तो हसला. "मुद्दाम पुढं ठेवलंय साहेब. चहावरनं पोरं वेळेत परत येतात."

"आणि रजिस्टरमध्ये वेळ कुठली लिहिता?"

त्याने भिंतीकडे बोट केलं. मग त्याचं हसू मावळलं.

सर्व्हरचं घड्याळ माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं, मिनिटाचाही फरक नव्हता. रजिस्टरमधल्या प्रत्येक वेळेतून दहा मिनिटं वजा केली. सगळी लॉगिन बिघाडाच्या चार-पाच मिनिटं नंतरची निघाली. आग विझवायला आलेल्या माणसालाच मी आग लावणारा ठरवत होतो.

तेवढ्यात पलीकडचा मोठा प्रेस सुरू झाला. पायाखालची जमीन हलली. त्यावर काम करणारे एक वयस्कर ऑपरेटर होते, जवळच्याच गावचे. ते मघापासून आमचं बोलणं ऐकत होते.

"बोला मामा, काय म्हणायचंय?"

"आमाला कोण इचारतंय साहेब," ते म्हणाले. "पर ह्यो मोठा डाय लागला की त्यांचं काँप्युटर जातंय. रोज न्हाई लागत ह्यो. लागला की मागली भिंत बी हालती. आमी आपसांत हसतो त्याला."

त्यांचं प्रॉडक्शनचं रजिस्टर मागवलं. ज्या दिवशी प्रेसवर मोठा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा मोठा साचा, त्या दिवशी बिघाड. ज्या दिवशी नाही, त्या दिवशी काही नाही. कंपनीने नेटवर्क तपासायला बाहेरून बोलावलेला माणूस आला होता तो रविवारी, प्रेस बंद असताना.

मी मॅडमना गाडी पाठवून बोलावून घेतलं. प्लॅन्ट हेडच्या कपाळावर आठी पडली. मॅडमनी स्विचसमोर उभं राहून प्रेस चालू ठेवायला सांगितलं. सर्व्हरच्या वायरीपाशी एक बारका हिरवा दिवा होता. ठोक्यागणिक तो लुकलुकू लागला आणि थोड्या वेळाने विझला. त्यांनी ती वायर नुसती दोन बोटांनी धरली, तर अलगद हातात आली. तिला अडकवून ठेवणारी प्लास्टिकची क्लिपच तुटलेली होती. खोली हलवताना तुटली असावी. प्रत्येक हादऱ्याने ती केसभर सरकायची, आणि स्विच बंद-चालू करताना सुपरवायझरचा हात लागला की पुन्हा आत बसायची.

पंचांसमक्ष वायर जप्त केली. नवी जोडली. पुढे आठवडाभर मोठा डाय चालला, नेटवर्क एकदाही गेलं नाही. गैरसमजातून दिलेली तक्रार म्हणून मी कोर्टात गुन्हा बंद करायची 'क' समरी पाठवली आणि ती मंजूर झाली.

कंपनीने मॅडमना परत बोलावलं. त्यांनी प्लॅन्ट हेडकडून लेखी दिलगिरी घेतली आणि नंतर दुसरीकडे नोकरी धरली. लॅपटॉप-मोबाइल परत द्यायला मी स्वतः पिंपळे गुरवला गेलो, गणवेशात, भर सकाळी. सोसायटीच्या चेअरमनला सोबत घेतलं आणि जिन्यातच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की या बाईंचा काही दोष नव्हता, चूक आमची होती. वडिलांनी चहा घ्यायला लावला. मॅडम मात्र म्हणाल्या, "राग गेलाय असं खोटं नाही सांगणार, साहेब."

मी म्हणालो, जायलाही नको.

या केसनंतर मी हाताखालच्या अधिकाऱ्यांना एकच गोष्ट सांगत आलो. काय घडलं आणि कसं घडलं हे कळल्याशिवाय कोणी केलं हे विचारू नका, कारण तो प्रश्न एकदा विचारला की समोर बसलेलं माणूसच उत्तर वाटू लागतं. ते अधिकारी मला सावध तपास अधिकारी समजत. मला माहीत आहे तेवढं त्यांना माहीत नाही. अटकेचे कागद टाइप होऊन माझ्या टेबलावर तयार होते. मी गेलो त्या सकाळी भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर गेली नसती, प्रेसवर दुसरा डाय असता आणि मामा काही बोलले नसते, तर? मग मी काय केलं असतं, याचं उत्तर मला आजही छातीठोकपणे देता येत नाही.