मारुतीपुढं ठेवलेला संघ

तारीख ११ नोव्हेंबर १९५६, रविवार, दिवाळी होऊन आठवडा झालेला. रक्कम पाचशे एक रुपये. जागा चिंचवड गावठाणातल्या मारुतीच्या तालमीचा ओटा. हजर होते तालमीचे पंच असलेले कंत्राटदार, आमच्या फुटबॉल संघाची अकरा पोरं, पेरूच्या बागेचे मालक आबा, मी, आणि ओट्याखाली उभी असलेली गावची पन्नासएक माणसं. रक्कम कंत्राटदारांनी सांगितली. ती ऐकून आबांनी विचारलं, "कशाची?"

"संघाची. घ्यायचा असंल तर."

"आमचाच संघ आमी इकत घ्यायचा व्हय?"

"तुमचा कसा, आबा? कागद दाखवा."

कागद आमच्याकडे होते, ढिगाने होते. त्या कागदांनीच आम्ही हरलो. ते कसं, हे सांगायचं तर पाच वर्षं मागं जावं लागेल.

आमच्या गावची काही पोरं देहूरोडला लष्कराच्या डेपोत हमालीला जात. संध्याकाळी शिपाई फुटबॉल खेळायचे, ते ही पोरं कुंपणाबाहेरून बघायची. पुढं गावच्या माळावर बाभळीचे खांब रोवून तीही खेळू लागली. १९५१ साली कुणीतरी म्हणालं, पुण्याच्या लीगमध्ये नाव घालू. त्यासाठी फॉर्म होता, आणि फॉर्मवर एका जबाबदार माणसाची सही लागत होती. कंत्राटदार जुन्या पाटील घरातले, वीटभट्टीचे मालक. पिंपरीकडे नवीन कारखाने येऊ लागले होते, त्यांच्या भिंतींना वीट त्यांचीच आणि माणसंही त्यांचीच. इंग्रजीत सही करणारं त्या दिवशी तालमीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी सही केली. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

पैसा मात्र गावाचा. लीगची फी, चामड्याचा चेंडू, त्याचं ब्लॅडर, निळीत बुडवून रंगवलेले सदरे, खडकीच्या मैदानापर्यंत जायला दोन बैलगाड्या, सगळं वर्गणीतून. वर्गणी घरटी महिना चार आणे. पण आमच्याकडे सार्वजनिक कामाचा पैसा कुणी माणसाच्या हातात देत नाही. हातात दिला की देणारा मोठा ठरतो आणि घेणारा मिंधा होतो. म्हणून शनिवारी तालमीत जायचं, तेल वाहायचं आणि चार आणे मारुतीपुढं ठेवायचे. गुरव ते उचलायचा आणि चिठ्ठी लिहून द्यायचा: "श्री मारुतीस अर्पण, आणे चार." तो पैसा कशाचा हे देणाऱ्याला ठाऊक, गुरवाला ठाऊक, सगळ्या गावाला ठाऊक. म्हणून कुणी ते लिहायला सांगितलं नाही.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, खडकीच्या कारखान्यात हजेरी कारकून. गावठाणात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो. मला फुटबॉलचं फारसं कळत नसे. पण माझ्या विधवा बहिणीचा मुलगा माझ्याकडे वाढला, आणि तो गोलात उभा राहू लागला, तेव्हापासून मी एकही सामना चुकवला नाही. आबांना तर माझ्याहूनही कमी कळायचं. चेंडू हातात धरून आत फेकला की पाच वर्षांनंतरही ते ओरडायचे, "आरं हातानं फेकतोय, धरा त्याला!" गोलकीपरला ते दरवान म्हणत. समोरचा संघ चालून आला की मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांचा आवाज जायचा, "आरं दरवान, दार लाव!" लष्करी संघाचे शिपाईसुद्धा त्यांची नक्कल करायचे. आबा वयाने पासष्टीचे, धोतर गुडघ्यापर्यंत, आणि सामना हरलो तर परतीच्या वाटेवर गाडीत कुणाशी बोलायचे नाहीत.

तर त्या रविवारी कंत्राटदारांनी जे सांगितलं ते असं. पिंपरीकडच्या एका नव्या कंपनीला लीगमध्ये संघ हवा होता. नवीन नाव घातलं तर सर्वांत खालच्या गटापासून सुरुवात करावी लागते. आम्ही पाच वर्षं घासून वरच्या गटात आलो होतो. ती जागा कंपनी घेणार, आमचं नाव जाऊन तिथं कंपनीचं नाव येणार. गावाला ती ठेवायची असेल तर गावाने पाचशे एक द्यायचे.

"गावाला इचारलं न्हाई," आबा म्हणाले.

"सही माझी. मी कुणाला विचारू?"

मी म्हणालो, "पैसा गावाचा आहे. माझ्याकडे पाच वर्षांच्या चिठ्ठ्या तारेला लावलेल्या आहेत."

"आणा की, राव. वाचा चारचौघांत."

मी घरून तार आणली आणि वाचायला लागलो. तिसऱ्या चिठ्ठीला माझा आवाज उतरला. प्रत्येक चिठ्ठी मारुतीची होती. संघाचं नाव एकीवरही नव्हतं.

"देवाला दिलं ते देवाचं," कंत्राटदार म्हणाले. "आणि देवाचा कारभार पंचाकडं. पंच तिघं होतो. दोघं वारले. तुम्हीच नवीन नेमले नाहीत. मी नको म्हणालो होतो का?"

ते खोटं बोलत नव्हते. पुढच्या आठवड्यात मी आणि आबा पुण्याला एका वकिलाकडे गेलो. त्याने दहा रुपये घेतले आणि तेच सांगितलं, जरा लांबवून. भांडता येईल, म्हणाला, पण चार वर्षं लागतील आणि तोवर तुमची पोरं बाप झालेली असतील.

तेव्हा पाचशे एक रुपये उभे करायचे ठरलं. मुदत डिसेंबरअखेर. पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बाहेरचा आणि माझी कुणाशी भाऊबंदकी नाही. मी प्रत्येक दारात एकच सांगितलं, पैसे माझ्या हातात द्या, मी संघाच्या नावाने पावती देतो. लोकांना ते जड गेलं. एका बाईने दोन रुपये माझ्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवले आणि म्हणाली, "तुम्ही उचला. तुमच्या हातावर ठेवायला मला बरं वाटत न्हाई." गवंड्याने आठवड्याची मजुरी दिली. न्हाव्याने दाढी एक आण्याने महाग केली आणि तो आणा माझ्या वर्गणीच्या डब्यात टाकला. गिऱ्हाईकं कुरकुरत, पण देत. आबांनी बागेतल्या पहिल्या बहराचे एकशे चाळीस रुपये दिले. त्यांच्या सुनेने त्या दिवशी चूल पेटवली नाही, असं नंतर कानावर आलं.

मला तेव्हा असं वाटत होतं की आपण संघ सोडवतो आहोत. पोरांबद्दल कुणी विचारच केला नव्हता. पोरं म्हणजेच संघ, ती कुठं जाणार, असं सगळे धरून चालले होते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भाचा रात्री जेवणाआधी माझ्यासमोर येऊन बसला. बहीण चुलीपाशी होती, पण तिचा हात थांबलेला मला दिसला.

"मामा, कंपनीनं बोलावलंय. एक तारखेपासून. हेल्पर म्हणून, दोन रुपये रोज."

"कंपनीला आपली जागा मिळणार नाही आता. मग?"

"दुसरा एक जुना संघ बंद पडत होता, त्याची जागा मिळाली त्यांना. खेळणारी माणसं हवीत. आमच्यातल्या नऊजणांना घेताहेत. त्यांच्याकडूनच खेळायचं, अशी अट आहे."

"बोलावणं कुणाकडून आलं?"

तो खाली बघून म्हणाला, "कंत्राटदारांकडून. माणसं तेच पुरवतात ना."

बहीण तिथूनच म्हणाली, "दादा, एक शब्द बोलते. पाच वर्षं हा चेंडू अंगावर घेतोय, त्याचा एक पैसा घरात आला नाही. त्याला थांब म्हणू नकोस."

"मी कुठं म्हटलं?"

"तू गप्प बसलास म्हणजे तेच."

माझा पगार ब्याण्णव रुपये. खाणारी तोंडं सात. महिन्याचे बावन्न रुपये काही थोडे नव्हते. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही नको म्हणाल तर नाही जाणार." तो ते खरं बोलत होता, आणि त्यामुळेच मला ते ऐकवेना. गावाने मला पैसे गोळा करायला नेमलं होतं. बावीस वर्षांच्या पोराची मजुरी अडवायला नेमलं नव्हतं. मी म्हणालो, "जा. हजेरी वेळेवर लाव." बहिणीने भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी मी आबांकडे गेलो. म्हटलं, अजून पैसे दिलेले नाहीत, परत वाटून टाकू. नऊ पोरं जाणार आहेत.

आबा पेरूच्या फांद्यांना टेकू लावत होते. "तुमचा भाचा बी?"

"तोही."

"दरवानच गेला व्हय." त्यांनी टेकू नीट बसवला. "तरी द्या पैसं."

"आबा, हाती काय येणार?"

"नाव येईल. नाव त्याच्याकडं ऱ्हायलं तर उद्या त्ये बी इकंल. पोरं काय, दुसरी व्हतील गावात."

३० डिसेंबरला त्याच ओट्यावर कंत्राटदारांना पाचशे एक रुपये दिले. त्यांनी दोनदा मोजून घेतले. आठ आण्यांच्या स्टॅम्पवर लिहून दिलं की लीगमधली जागा, नाव, दोन चेंडू, चौदा सदरे आणि माळावरचे खांब यांच्यावर त्यांचा हक्क उरला नाही. खाली, गावाने त्याच दिवशी नेमलेला संघाचा चिटणीस म्हणून, माझी सही.

"झालं समाधान?" ते म्हणाले. "मी कुणाला फसवलं नाही. तुम्हाला संघ मिळाला, पोरांना पोट मिळालं."

ओट्याखालून न्हावी म्हणाला, "आणि तुम्हाला दोन्हीकडून, पाटील."

लोक हसले. कंत्राटदारही हसले. ते हसणं लवकर थांबलं.

आमचा पहिला सामना २० जानेवारीला होता. नावांची यादी लीगकडे नोव्हेंबरातच गेली होती, आणि हंगाम सुरू झाल्यावर महिनाभर नवं नाव घालता येत नव्हतं. कंपनीची जागा नव्या नावावर झालेली, म्हणून तिला मात्र नवी यादी देता आली होती. यादीतले नऊ गेले. उरलेले दोघे आणि राखीव चौघे मिळून सहा. किमान सात लागतात. पाचवा राखीव मुलगा कुरुळीला मामाकडे राहायला गेला होता, त्याला निरोप धाडला होता. तो आला तर सात होणार होते.

खडकीच्या मैदानावर आम्ही दोन गाड्या आणि वीसेक सायकली घेऊन गेलो. लोक नेहमीपेक्षा जास्तच होते. पैसे दिलेला प्रत्येकजण आपला संघ बघायला आला होता. निळे सदरे घातलेली सहा पोरं रेषेवर उभी राहिली. कुरुळीचा मुलगा आला नाही. नंतर कळलं, तोही त्याच आठवड्यात कामाला लागला होता.

सामन्याच्या पंचाने घड्याळ बघितलं. आबा पुढं झाले.

"सायेब, मी ऱ्हातो की सातवा. हुबंच तर ऱ्हायचंय."

"तुमचं नाव यादीत आहे का, बाबा?"

"यादीत पैसं हायेत माजं."

पंच चांगला माणूस होता, हसला नाही. पंधरा मिनिटं थांबून त्याने समोरच्या संघाला सामना दिला. सहा पोरांनी सदरे काढून घड्या घातल्या.

त्याच मैदानावर पुढचा सामना कंपनीचा होता. आम्ही निघायला हवं होतं. पण कुणीच गाडी जुंपली नाही. आमची नऊ पोरं नवी लाल बनियनं आणि बूट घालून आली, त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि मग बघितलं नाही. आमच्या बाजूला सत्तर माणसं बसली होती आणि एकाचाही आवाज नव्हता. भाचा गोलात उभा होता. बुटांची सवय नसल्यामुळे पाय उचलून टाकत होता. उत्तरार्धात समोरचा एक पोरगा एकटाच चेंडू घेऊन सुटला, आणि माझ्या शेजारून तो जुना आवाज निघाला, "आरं दरवान, दार लाव!"

भाच्याने झेप घेतली आणि चेंडू पोटाशी धरला.

मागून कुणीतरी म्हणालं, "आबा, ती आपली न्हाईत आता."

"ठाऊक हाय रं," आबा म्हणाले, आणि खाली बसले. उरलेला सामना त्यांनी गवताकडे बघत काढला. भाचा सामना संपल्यावर आमच्याकडे आला नाही. कंपनीचा ट्रक उभा होता.

लिंबाच्या झाडाखाली लीगचा कारकून टेबल टाकून बसला होता. त्याने मला हाक मारली. संघ पुरा न आणल्याबद्दल दंड, आजच भरायचा, नाहीतर जागा जाईल. डब्यात उरलेलं वकिलाने आणि स्टॅम्पने खाल्लं होतं. मी खिसा चाचपला तोवर आबांनी कनवटीची नोट काढली आणि सवयीने इकडेतिकडे बघितलं.

"कुटं ठेवायचं?"

"ठेवायचं नाही, आबा. ह्यांच्या हातात द्यायचं."

त्यांनी नोट कारकुनाच्या हातात दिली, आणि देताना मान दुसरीकडे फिरवली. कारकुनाने विचारलं, पावती कुणाच्या नावाने? मी आमच्या संघाचं नाव सांगितलं, त्याने ते नीट लिहिलं. आजवर फीच्या पावत्या कंत्राटदारांच्या नावाने निघत; पाच वर्षांत संघाच्या नावाने लीगकडून आलेली ती पहिली पावती. दंड रुपये पाच, दिले आबांनी, रोख, लीगच्या कारकुनाला.