फोन जयंतीकडे गेला

मुलुंडच्या अनुपमा सामंत शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी पोशाख भाड्याने देतात. शिलाई जयंती बघते, पण दुकानाचा फोन अनुपमाताईंनी कधी कुणाच्या हातात दिला नव्हता. यंदा ऐन डिसेंबरात त्यांचा आवाज बसला आणि डॉक्टरांनी आठवडाभर बोलायचंच नाही असं बजावलं. नाइलाजाने फोन जयंतीकडे गेला.

ताईंना चैन पडेना. फोन वाजला की त्या उठून जयंतीसमोर उभ्या राहायच्या आणि हातवारे करायच्या. एका शाळेच्या बाईंनी परवाच्या नाचासाठी तीस मोर मागितले. ताई जोरजोरात होकाराची मान हलवत होत्या. जयंती मात्र म्हणाली, "बाई, परवापर्यंत वीसच होतील. बाकीचे पोपट देऊ का? मोरांमध्ये छान दिसतील."

ताईंनी कपाळाला हात लावला. शाळा हातची गेली, असंच त्यांना वाटलं. पण बाई हसून तयार झाल्या.

फोन ठेवून जयंती वळली. "ताई, तुम्ही हो म्हणून मोकळ्या झाला असता. मग मशीनवर कोण बसलं असतं? मीच ना?"

ताईंचे हात खाली आले.

आवाज परत आला, तरी फोन जयंतीकडेच राहिला. ताई आता शाळाशाळांत जाऊन मुलांची मापं घेतात. पण रिक्षा चेकनाक्याला पोचायच्या आत त्यांचा जयंतीला फोन जातोच, "काय गं, कुणाचा फोन आला होता का?"