सायकल दुसऱ्याची होती

जळगावला आमच्या कॉलनीत एक नाना राहतात. पूर्वी ते धुळ्यात शिक्षक होते आणि शाळा सुटल्यावर हौशी नाटकं बसवायचे. त्यांचं चरित्र लिहायचं मी अंगावर घेतलं, तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "त्याला विचारल्याशिवाय छापू नका."

तो म्हणजे आज घराघरांत ओळखला जाणारा एक नट. तरुणपणी धुळ्यात नोकरीला असताना त्याने पहिलं काम नानांच्या नाटकात केलं होतं.

मी ईमेल पाठवला. उत्तर त्याच्या सेक्रेटरीचं आलं, साहेब शूटिंगमध्ये आहेत. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. नाना मात्र दर भेटीत विचारायचे, "आलं का काही?" आणि मी नाही म्हटलं की केळीच्या भावावर बोलायला लागायचे.

दिवाळीनंतर त्याचं स्वतःचं उत्तर आलं. मोठं, मनापासून लिहिलेलं. तालमीला उशीर होऊ नये म्हणून नानांनी त्याला आपली सायकल देऊन टाकली होती आणि स्वतः पायी घरी जायचे. पहिल्या प्रयोगाला तो घाबरला होता, तेव्हा पडदा वर जाईपर्यंत नाना विंगेत त्याचा हात धरून उभे राहिले. प्रिंट काढून मी धावतच नानांकडे गेलो आणि मोठ्याने वाचलं.

नाना आधी हसत ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढला.

"हा मी नाही," ते म्हणाले. "माझ्याकडे तेव्हा सायकलच नव्हती. आमचा पाचोऱ्याचा एक मित्र होता, नाटकाचे लाइट बघायचा. हे सगळं त्याचं."

"इतक्या वर्षांत गल्लत झाली असेल, नाना. तुमचंही काही आठवत असेलच की."

"मी ओरडायचो. जवळ घ्यायचा तो." मग नाना म्हणाले, "मला पाचोऱ्याला न्या."

मित्र जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी त्यांच्या पत्नी होत्या. त्यांना अक्का म्हणतात. नानांनी तो कागद स्वतः वाचून दाखवला, नटाने लिहिलेलं आपलं नाव गाळून तिथे मित्राचं घातलं. अक्का पदराला हात पुसत दारातच उभ्या राहिल्या.

"टीव्हीवर तो दिसला की हे उठून बाहेर जायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, हाऊ माले भुली गया, हा मला विसरला."

परत येताना नाना गाडीत डोळे मिटून बसले होते, पण झोपलेले नव्हते.

मी नटाला खरं काय ते कळवलं आणि नानांबद्दल काही आठवतं का, असंही विचारलं. त्याने लगेच अक्कांना फोन केला, खूप वेळ बोलला. मला मात्र एक ओळ आली: दिग्दर्शक कडक होते, इतकंच आठवतं, क्षमा करा.

नानांनी ती ओळ दोनदा वाचली. "खरं आहे. तेवढं छापा."

छापलं. पुस्तक निघालं, लोकांनी कौतुक केलं. नाना हल्ली नाटकाचा विषय काढत नाहीत. त्याला लिहिलंच नसतं तर बरं झालं असतं, असं कधी कधी मनात येतं. पण मग पाचोऱ्याच्या त्या दारात उभ्या राहिलेल्या अक्का दिसतात आणि तसंही म्हणवत नाही.